खांब कुणाच्या बाजूला

गोराई, बोरिवली (प.)
१२ जानेवारी २०२५

ती. दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तुझ्याशी बोलून थकले म्हणून लिहितेय. फोनवर तू सगळ्याला 'हो हो' म्हणतोस. तुझ्या उरलेल्या एका चांगल्या कानाने ऐकून म्हणतोस की फोन लवकर ठेवावा म्हणून म्हणतोस, ते तुझं तुला माहीत. आठ दिवसांनी विचारलं की उलट मलाच, "मी असं कधी म्हटलं गो?" दिवाळीपासून तीनदा झालं हे. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली आहेत मी, लेखी उत्तर कसं घ्यायचं ते मला येतं. ह्यापुढे घराबद्दल जे काय असेल ते कागदावर.

परवा गुरुवारी निधी ऑफिसला निघायच्या आधी हॉलमध्ये चहा पीत होती. स्लॅबचा हातभर पोपडा सुटला आणि तिच्या पुढ्यात पडला, कपबशीचा भुगा झाला. पोरगी जरा पुढे वाकली असती तर मी आज हे लिहायला बसलेच नसते. वर बघितलं तर सळ्या उघड्या पडल्यात आणि गंजून त्यांची सालं निघतायत. पाहणी करायला आलेला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, काकी, पुढच्या पावसाळ्यात ह्या छताखाली झोपू नका.

आता दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे दुरुस्ती. स्लॅब काढून नवा टाकायचा आणि सगळ्या खांबांना जॅकेट घालायचं, म्हणजे खांबांभोवती नव्या सळ्या बांधून पुन्हा सिमेंट भरायचं. दुसरा रस्ता म्हणजे घर पाडून नवीन बांधायचं. निधीला नवीन हवंय. मरोळच्या ऑफिसात काचेच्या भिंती बघून आली की तिला आपलं घर नकोसं होतं. मला दुरुस्ती हवी आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी सामान बांधून वर्षभर भाड्याच्या खोलीत राहायची माझी तयारी नाही.

आणि खरं सांगू का, हे घर तू स्वतः उभं राहून बांधलंस, ते मला पाडायचं नाही. शेजारी नितेशचं घर बघ. त्याच्या वडिलांनी, तातूकाकांनी, तुझ्याच बरोबरीने बांधलं, मधली भिंत एकच, तरी त्यांच्या हॉलमध्ये खांबांचे ठोकळे हे एवढे बाहेर आलेत. कपाट सरळ लागत नाही, सोफा लागत नाही. आपला हॉल कसा आरशासारखा सपाट. येणारा जाणारा विचारतो, कुणी बांधलं म्हणून. मी सांगते, माझ्या भावाने.

नितेशचं तर बोलूच नकोस. दोन वर्षं झाली नकाशे काढून बसलाय, लाइनीत सगळ्यांना सांगतो 'नवीन बांधणार'. कुदळ मारायची हिंमत नाही. गेल्या वर्षी त्याची पायरी सहा इंच आपल्या हद्दीत आली होती, ती मी सोसायटीत अर्ज देऊन तोडायला लावली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही आणि माझं काही अडत नाही.

घर तुझ्या नावावर आहे. काहीही करायचं तर सोसायटीला तुझी सही लागते. फॉर्म सोबत आहे. दुरुस्तीच्या चौकटीत मी पेन्सिलने खूण केलीये, त्यावर पेन फिरव आणि खाली सही कर. एवढंच काम आहे.

तुझी,
सुलू

*

मु. पो. वरचीवाडी, ता. देवगड
२२ जानेवारी २०२५

चि. सुलू हीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. निधी वाचली, देवाची कृपा. त्या जागी कुणी बसू नका.

इकडे कलमांना मोहोर चांगला आला होता, पण मध्येच मळभ आलं आणि वाट लागली. निम्मा गळला. माझी तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. निधीसाठी ते कुडाळचं स्थळ सांगितलं होतं, त्याचं काय केलंत?

घराचं म्हणशील तर एवढी घाई बरी नाही. तू लहानपणापासून उतावळी. घराचं काम म्हणजे भिंतीला रंग काढणं नव्हे. आपल्या घराण्यात विहीर खणली तरी रवळनाथाला विचारून खणली. मी देवाला कौल लावतो, मगच सही करीन. तोवर छताला खालून एक पत्रा ठोकून घ्या.

फॉर्म माझ्याकडे नीट ठेवला आहे.

चंद्रप्रकाश

*

गोराई
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

फॉर्म नीट ठेवायला पाठवला नव्हता.

म्हणजे आता असं की गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलं चिकटवणार, उजवीकडचं आधी पडलं तर हो आणि डावीकडचं पडलं तर नाही, आणि त्यावर बोरिवलीच्या घराचा स्लॅब ठरणार. देवाला इथल्या खाऱ्या हवेत सळ्या कशा सडतात ते ठाऊक आहे का रे? मी देवाला नावं ठेवत नाही. दर वर्षी नारळ पाठवते. पण निधी गेले तीन आठवडे स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकून झोपतेय. सत्तावीस वर्षांची कमावती मुलगी, पाय पसरले की गॅसच्या सिलिंडरला लागतात. वरच्या खोलीत झोप म्हटलं तर म्हणते, आई, ती खोली त्याच स्लॅबवर उभी आहे.

पत्रा ठोकून घ्या म्हणे. मोठमोठ्या मशीनवर काम केलेला माणूस तू, पत्र्याने स्लॅब अडतो का?

काय तो कौल लाव, पण ह्याच महिन्यात लाव. काम मार्चअखेर सुरू झालं नाही तर पावसाच्या आधी नवा स्लॅब पडत नाही. आणि प्रश्न नीट विचार. दुरुस्ती करू का, असा विचार. 'योग्य ते होऊ दे' असलं मोघम काहीतरी विचारून येऊ नकोस.

कुडाळच्या स्थळाला निधीने नाही म्हटलंय. त्याला आमचं घर किती कार्पेट आहे हे पहिल्या भेटीत हवं होतं.

सुलू

*

वरचीवाडी
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सुलू हीस आशीर्वाद.

सोमवारी कौल लावला. देवळात भरपूर गर्दी होती, माझा नंबर दुपारी लागला. गुरवाने आधी दुरुस्तीचं विचारलं. डावा पडला. मला बरं वाटलं नाही म्हणून पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा डावा. मग म्हटलं नवीन बांधायचं विचारा. बराच वेळ कुठलंच फूल हलेना. शेवटी तेही डावंच पडलं.

म्हणजे देवाच्या मनात ह्या वर्षी काही करायचं नाही. पुढल्या वर्षी बघू. एक पावसाळा कसाही निघेल. तुम्ही दोघी तोवर इकडे येऊन राहा. चार महिने हवापालट होईल. निधीचं घरून काम चालतं ना, इथे पारावर बसलं की रेंज मिळते.

चंद्रप्रकाश

*

गोराई
२३ फेब्रुवारी २०२५

दादा,

'ती.' बिती काही लिहीत नाही आज.

दुरुस्तीला देव नाही म्हणाला. नवीनला पण नाही म्हणाला. मग देवाचं म्हणणं तरी काय आहे? घर आपणहून पडू दे असं आहे का? आणि पडलं तर खाली आम्ही दोघी, हे कुणी त्याला सांगितलं का?

तुझं पत्र मी निधीला वाचून दाखवलं. ती उठून गेली आणि मोबाइलवर भाड्याच्या खोल्या बघत बसली. मला म्हणाली, "आई, मामाला नसेल करायचं तर राहू दे. मी वेगळी राहते, तू पण चल." हे ऐकायला मी एकतीस वर्षं नोकरी केली का? हे गेले त्यालाही आता नऊ वर्षं होतील. दोघींना मिळून ह्या जगात एक घर आहे, तेही माझ्या नावावर नाही, आणि ज्याच्या नावावर आहे तो देवगडात बसून फुलं मोजतोय.

मी कॉन्ट्रॅक्टरला होकार दिलाय. पाडवा तीस तारखेला आहे. एकतीसला सोमवारी तो माणसं घेऊन येईल. सहीचं म्हणशील तर तुझी सही मला येते. सातवीत गणितात नापास झाले तेव्हा प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तुझी सही मीच ठोकली होती. तुला आजपर्यंत कळलेलं नाही. तेव्हा सही पाठव, नाहीतर मी माझी व्यवस्था बघते.

सुलू

*

वरचीवाडी
५ मार्च २०२५

चि. सुलू,

सातवीतलं मला तेव्हाच कळलं होतं. 'चं' वरचं टिंब तू फार मोठं दिलं होतंस. मुलीच्या जातीला शाळेत घातलं म्हणून घरात आधीच बोलत होते, त्यात आणखी नको म्हणून गप्प बसलो.

खोटी सही करू नकोस. फॉर्म सोबत पाठवतो, सही केली आहे. स्लॅबचा खराब झालेला भाग खरवडून गिलावा करून घे. स्वयंपाकघर कर, मोरी कर, वरची खोली कर. फक्त नितेशकडच्या भिंतीला हात लावू नकोस. ठोकाठोकी नको, जॅकेट नको, काही नको. त्या भिंतीवर आई-बाबांचे फोटो आहेत, ते तसेच राहू देत.

एवढं माझं ऐक, गो बाय. बाकी तुला हवं तसं कर.

चंद्रप्रकाश

*

गोराई
१८ मार्च २०२५

दादा,

मागल्या लाइनीतली शकु शिमग्याला गावी गेली होती. काल परत आली, प्रसादाची पुडी द्यायला घरी आली. मी सहज विचारलं, देवळात ह्या वर्षी गर्दी फार का गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "कुठलं देऊळ? दिवाळीपासून पाडलंय ना ते. नवीन बांधतायत. देव बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलाय. आत बसेपर्यंत कौलप्रसाद सगळा बंद."

वर म्हणते, जीर्णोद्धार कमिटीत तुझा दादाच तर आहे.

म्हणजे गावच्या देवळाची दुरुस्ती करायची की पाडून नवीन बांधायचं, हे तू कमिटीत बसून एका बैठकीत ठरवलंस. तिथे कौल नाही लागला. आणि आमच्यासाठी तू दुपारी नंबर लागला, दोनदा विचारलं, फूल हलेना, असं सगळं बसून रचलंस. फूल हलेना. दादा, मला लाज वाटली ते पत्र पुन्हा वाचताना. तुझी वाटली.

एवढ्यावर थांबत नाही मी. तू खोटं का बोललास ते मला हवंय. कुणा बिल्डरने गाठलंय का तुला? विकायचंय का घर? वहिनी गेली तेव्हा गावी जाताना तू किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, सुलू, घर तुझं. सोळा वर्षं झाली. कागदावर ते कधी आलं नाही आणि मी कधी मागितलं नाही, कारण तू म्हणाला होतास. आता वाटतं मागायला हवं होतं.

आणि फोटोंचं कारण तरी बरं शोधायचंस. आईबाबांचे फोटो तीन वर्षांपूर्वी ओल आली तेव्हा मी समोरच्या भिंतीवर हलवलेत. तू आलास तेव्हा बघून गेलायस.

कॉन्ट्रॅक्टर एकतीसला येतोय. सुरुवात त्याच भिंतीपासून करायला सांगणार आहे. तिच्यात काय ते बघतेच मी.

सुलू

*

वरचीवाडी
२४ मार्च २०२५

चि. सुलू हीस,

हे स्पीड पोस्टने पाठवतो आहे, एकतीसच्या आत पोचावं. फोन दोनदा हातात घेतला, पण इकडे फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडून बोलावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

घर विकायचं माझ्या स्वप्नातही नाही. त्या भिंतीत आपल्या बाजूला खांब नाहीत.

नव्वद साली बांधलं तेव्हा मी आणि तातू दोघं गिरणीतून बाहेर फेकले गेलेलो. मिळेल ते काम करायचो आणि रविवारी घरं बांधायचो. प्लॉट हे एवढेसे, रुंदीला दहा फूट. नकाशात प्रत्येकाने आपापल्या बाजूला खांब घ्यायचे होते. त्याच महिन्यात आईला अर्धांग झाला आणि तिला गावाहून आणली. हॉलमध्ये खाट लावून बघितली. खांबांची जागा सोडली तर खाटेच्या बाजूला मोरीकडे जायला एका माणसाचीच वाट उरत होती. आईला उचलून न्यायला दोन माणसं लागत. तू आणि तुझी वहिनी, दोघी शेजारी शेजारी उभ्या राहू शकत नव्हत्या.

तातू संध्याकाळी आला, खाटेकडे बघितलं आणि म्हणाला, "चंद्रू, भिंत एकच आहे ना, मग खांबांची ओळ पण एकच घालू. माझ्या बाजूला घालू. तुझा स्लॅब माझ्या खांबांवर टाक." मी नको म्हटलं नाही. एकदाही म्हटलं नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही खांब भरले. त्याच्या हॉलची नऊ इंच जागा गेली आणि आपला हॉल सपाट झाला. तू आईच्या खाटेशेजारी अंथरूण टाकायचीस ती जागा तातूची आहे.

मी घरात सांगितलं की सगळं मी नकाशाप्रमाणे बांधलं. वहिनीच्या भावांनी कौतुक केलं, पुढे तुझ्या यजमानांनी केलं. तातूला म्हटलं, हे आपल्या दोघांत ठेव. त्याने ठेवलं. लोक त्याच्या हॉलमधले ठोकळे बघून हसायचे तेव्हाही तो काही बोलला नाही. तुझं पहिलं पत्र आलं, त्यात तेच लिहिलेलं. वाचून मी दोन दिवस जेवलो नाही.

अजून एक आहे. तातूने जाण्याआधी नितेशला सांगितलं होतं. नितेशने दोन वर्षांपूर्वी मला पत्र लिहिलं. काका, मला घर पाडून नवीन बांधायचंय, पण माझे खांब काढले तर तुमचा स्लॅब खाली येईल, तुम्ही काकींना सांगा, मग आपण मिळून काहीतरी करू. मी त्याला कळवलं, आता नको, जरा थांब. गेल्या वर्षी पुन्हा लिहिलं त्याने. मी पुन्हा तेच कळवलं. कुदळ मारायची हिंमत नाही असं तू लिहिलंस. त्याची कुदळ मी अडवून धरलीये.

देवाच्या नावावर खोटं बोललो त्याचं काय व्हायचं ते होईल. त्या भिंतीवर हातोडा मारू नका. निधीला तिच्याखाली झोपू देऊ नकोस.

चंद्रप्रकाश

*

गोराई
६ एप्रिल २०२५

ती. दादा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दोन दिवस उशिरा.

सोमवारी कॉन्ट्रॅक्टर आला. खांबांना जॅकेट घालायचं तर आधी खांब कुठे आहेत त्यावर खुणा करायला हव्यात, म्हणून छोटी हातोडी घेऊन त्याने ती भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवली. मग पुन्हा वाजवली. त्याच्या माणसाने वाजवली. शेवटी मला विचारतो, "काकी, तुमचे खांब कुठेत?" मी म्हटलं, तू कॉन्ट्रॅक्टर, तूच शोध. त्याने चार ठिकाणी गिलावा उडवला. सगळीकडे वीट. बीम भिंतीत शिरून पलीकडे नितेशच्या घरात गेलेत.

मला काय वाटलं असेल? तुझ्यावर संशय यायचं कारणच नव्हतं. माझ्या भावाने नकाशाप्रमाणे बांधलेलं घर. मला वाटलं, तातूकाकांनी तुझ्या पाठीमागे तुझे खांब खाल्ले. तुझ्या सळ्या त्यांच्या घरात गेल्या.

मी दारात उभी राहिले आणि नितेशला हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा. सगळी लाइन बाहेर आली. मी काय काय बोलले ते तुला लिहीत नाही. तुझ्या बापाने माझ्या भावाच्या सळ्या चोरल्या, हे बोलले. चोराच्या घरात चोर, हेही बोलले. निधी मला आत ओढत होती. तो हातात दुधाची पिशवी घेऊन उभा होता. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "काकी, एकदा चंद्रूकाकांना विचारा." आत गेला आणि दार लावून घेतलं.

आणि बुधवारी तुझं पत्र.

तुला माझा राग कळायचा नाही. कौलाचं खोटं मी कदाचित विसरेन. पस्तीस वर्षांपूर्वीचं पण विसरेन, आईसाठी केलंस, आणि त्या वाटेने तिला उचलून मीच नेलंय. पण दोन वर्षं तो मुलगा तुला लिहितोय आणि तू त्याला थांब म्हणतोयस आणि इकडे मी त्याच्यावर अर्ज करतेय. सहा इंच पायरीचा अर्ज. त्याच्या नऊ इंचात मी झोपायची आणि सहा इंचांसाठी त्याची पायरी फोडायला लावली. मला एक ओळ लिहिली असतीस तर हे झालं नसतं. तुझ्या खोटेपणापायी मी लाइनीत तोंडावर पडले, आणि माझ्या तोंडापायी तातूकाका चोर झाले. हे मी कसं भरून काढू ते सांग. तुला नाही सांगता येणार, म्हणून मीच ठरवलं.

गुरुवारी संध्याकाळी सगळे कामावरून आले की लाइनीत माणसं असतात, ती वेळ बघून मी नितेशच्या दारात गेले. जेवढ्या मोठ्याने बोलले होते तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, की माझी चूक झाली, खांब तातूकाकांनी दिलेत, आमचं घर ह्यांच्या खांबांवर उभं आहे. शकु तिथेच होती, विचार तिला. नितेशला फार अवघडल्यासारखं झालं. "काकी, आत या, आत या," एवढंच म्हणत राहिला.

आत गेले. तो हॉल मी वर्षभर बघितला नव्हता. खांब फुगलेत, तडे गेलेत. माझ्याकडच्यापेक्षा वाईट अवस्था आहे. दोन घरांचं वजन आहे ना त्यांच्यावर. नितेशने कपाटावरून नकाशाची गुंडाळी काढली. मला वाटायचं हा नुसत्या बाता मारतो. दादा, तो नकाशा दोन घरांचा आहे. तारीख दोन वर्षांपूर्वीची. उजव्या चौकटीत त्याचं नाव आणि डाव्या चौकटीत पेनाने लिहिलंय, सुलक्षणाकाकी. वरची एक खोली निधीची म्हणून दाखवलीये. मी त्याच्यावर अर्ज करायच्या आधीपासून ते तिथे लिहिलेलं आहे.

मला रडू आलं. कशाला लपवू.

दुरुस्तीत अर्थ नाही, हे मला तिथेच कळलं. खांब त्याचे, ते गेले की दोघांचं गेलं. तेव्हा पाडून नवीन बांधायचं, दोघांनी मिळून. दसऱ्याला काम सुरू. तोवर दोन्ही घरांत लोखंडी टेकू लावायचे, ते उद्याच येतायत. आम्ही दोघी जूनपासून पुढच्या गल्लीत भाड्याने राहू. सामान बांधायला घेतलंय, जे मला करायचं नव्हतं नेमकं तेच. निधी खूश आहे. निदान पाय पसरून झोपेन म्हणते.

फक्त एक गोष्ट मी बदलायला लावली. नकाशात त्याने खांब दोघांत निम्मे निम्मे दाखवले होते. मी म्हटलं, नाही, सगळी ओळ आमच्या बाजूला घे. तो ऐकेना. म्हणाला, काकी, तुमचा हॉल अरुंद होईल, ठोकळे पुढे येतील. मी म्हटलं, येऊ देत. अर्धा तास भांडलो. बऱ्याच दिवसांनी भांडून बरं वाटलं.

आता तुझं काम. नवीन फॉर्म लागेल, तो मी पाठवणार नाही. तू इथे ये आणि नितेशच्या समोर बसून सही कर. गुडघ्याचं सांगू नकोस. आणि ह्यात देवाला आणू नकोस.

सुलू

*

वरचीवाडी
१६ एप्रिल २०२५

चि. सुलू,

दोन मेची गाडी मिळाली. पहाटे बोरिवलीला उतरेन. निधीला रिक्षा घेऊन यायला सांग, गुडघ्याचं सांगत नाही, पण जिने जमत नाहीत.

कमिटीचा राजीनामा दिला. देवळाचं काम चालू आहे, कुणाला काही विचारलेलं नाही.

माझी इथली खाट मी मोजली. खांब आपल्या बाजूला आले तरी बसते ती नव्या हॉलमध्ये, लांबी भिंतीच्या कडेने घेतली तर. राहायला येतो असं म्हणत नाही, तू बोलावलंस तर म्हणून मोजून ठेवली.

नितेशला काय म्हणायचं ते चार वेळा लिहून काढलं आणि चारही कागद फाडले. तातूला मी कधी काही म्हटलंच नव्हतं. त्या रविवारी खांब भरून झाल्यावर त्याने हात धुतले आणि म्हणाला, चल, चहा घेऊ, आणि आम्ही चहा घ्यायला गेलो. एवढंच. त्यामुळे आता सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

तू माझ्यासोबत त्याच्या दारापर्यंत ये. आत मी एकटा जाईन.

तुझा,
दादा